न आठवणारी सहल

तीन वर्षांच्या आतील मुलास निसर्ग दाखवावयास नेणे हा वेळेचा व पैशाचा शुद्ध अपव्यय होय, असे आमचे एक व्यवहारचतुर स्नेही म्हणत असतात. त्यांचा युक्तिवाद वरवर तरी बिनतोड आहे. त्या वयातील आठवणी मोठेपणी बहुधा कोणाजवळच उरत नाहीत. मानसशास्त्रही तेच सांगते. मग जे विसरावयाचेच आहे, ते पाहण्यासाठी साताऱ्याहून सुमारे २५ किलोमीटरांची वाट चढून कासच्या पठारावर कशासाठी जावे?

गेल्या भाद्रपदात अडीच वर्षांच्या नातवास घेऊन आम्ही सहकुटुंब तेथे गेलो, तेव्हा हा प्रश्न आमच्या सोबत होताच. पश्चिम घाटातील ज्या स्थळांना २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत कास आहे. तेव्हा सारे पठार डोळे भरून पाहावे, असा आमचा बेत. नातूरावांचा बेत निराळा होता. वाटेतल्या पहिल्याच डबक्यापाशी ते उकिडवे बसले, ते काही केल्या उठेनात. “आबा, पाणी!” एवढेच त्यांचे निसर्गवर्णन. इतकी वर्षे वर्गात वर्डस्वर्थ शिकविणाऱ्या प्राध्यापकासही अशा वेळी गुडघ्यांची समजूत घालून शेजारी बसावे लागते.

पण बसलो म्हणूनच दिसले. उभ्याने पाहणाऱ्यास पठारावर नुसता रंग दिसतो. बसणाऱ्यास संसार दिसतो. जांभ्या खडकावर मातीचा थर तो केवढा पातळ, आणि त्यातही नत्राचा दुष्काळ! म्हणून दवबिंदू ही इवलीशी वनस्पती पानांवरील चिकट थेंबांनी किडे धरते. आणि ‘सीतेची आसवे’ असे करुण नाव मिरविणारी निळी फुले जिला येतात, ती तर ओल्या मातीतील आपल्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीवजंतू गुपचूप मटकावते. नातवाने एका निळ्या फुलाकडे हात नेला. “तोडू नकोस हं राजा, त्याला दुखेल,” आजी म्हणाली. त्याने हात मागे घेतला, क्षणभर विचार केला, आणि त्या फुलावर हळूच फुंकर घातली.

पुढे टोपली कारवीची झुडुपे लागली. त्यांवर एकही फूल नव्हते. ती सात वर्षांतून एकदाच बहरते. मधले पावसाळे नुसत्या पानांचे. बहराला त्या पावसाळ्यांची आठवण असते काय? पण त्यांतला एक तरी वजा करून बहराचा हिशेब मांडता येईल काय?

नातवास तो दिवस आठवणार नाही, हे आम्ही जाणतो. आम्हांस तरी आमच्या आजोबांनी कोणत्या ओढ्याकाठी नेले होते, हे कोठे आठवते? परंतु वाहते पाणी दिसले की आजही आमचे पाय आपोआप थांबतात.