पिन

पवना धरणाच्या काठावर ओळीने तंबू लागले होते. एका अंगाला तिकोना, पाण्यापलीकडे तुंगचा सुळका, त्यामागे सूर्य बुडत चाललेला. माझी लेक मात्र तंबूत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. एवढ्यात तिने आतूनच विचारलं, "आबा, पिन आहे का तुमच्याकडे?"

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खाकी हॅवरसॅकचा बाहेरचा कप्पा चाचपला आणि खरोखरच एक पिन काढून दिली. बोटभर लांबीची पत्र्याची पट्टी, टोकाला केसासारखी बारीक तार. पंपाच्या स्टोव्हची! तो स्टोव्ह भंगारात जाऊनही जमाना झाला. लेकीने ती उलटसुलट करून पाहिली आणि हसत म्हणाली, "ही कुठे लावू?"

आबा पिंपरीकडे एका कारखान्यात होते. गुरुवारची सुट्टी. बुधवारी पहिली पाळी सुटली की चौघे मित्र गाडीने मळवलीला उतरायचे. भाजे गाव, गायमुख खिंड, आणि अंधार पडेपर्यंत लोहगडावरची लक्ष्मी कोठी. तिथे सतरंजी पसरायची आणि पिठलं-भात शिजवायचा. पिशवीत रॉकेलची बाटली एकदा सांडली, तेव्हा सकाळचे पोहे नाक दाबून खाल्ल्याची गोष्ट आम्ही शंभरदा ऐकली आहे. स्टोव्ह फुरफुरायला लागला की छिद्रात ही पिन घालायची. दुसऱ्या क्षणी निळी ज्योत. ती हरवली तर चौघे उपाशी. म्हणून ती सदऱ्याच्या खिशात, पासाशेजारी.

"आम्ही डोंगरावर असलं काही आणत नव्हतो," असं लॅपटॉपकडे बघत आबा म्हणाले, तेव्हा मला हसू आलं. स्टोव्ह, विजेरी, ट्रान्झिस्टर हे सगळं मग काय होतं? यंत्रं त्यांनीही खांद्यावरून वाहिली. फक्त कारखाना खांद्यावर घेतला नव्हता. त्याला फाटक होतं, भोंगा होता. भोंगा वाजला की काम आत आणि माणूस बाहेर.

लेकीच्या कामाला फाटकच नाही. तिला सुट्टी मिळाली नव्हती. लॅपटॉप आणला म्हणून तर ती आमच्याबरोबर येऊ शकली. तिच्या पिढीला डोंगराची ओढ नाही, असं म्हणणाऱ्याने हे आधी विचारात घ्यावं.

आबांच्या त्या मोकळेपणाची दुसरी बाजू आईला ठाऊक होती. एकदा परतीची गाडी चुकली. निरोप धाडायची सोय नव्हती. आई रात्रभर उंबऱ्यात बसून. शुक्रवारी आबा दुपारी उगवले. पगारातून खाडा कापला गेला आणि आई दोन दिवस बोलली नाही. या वेळी लेकीने आम्ही पोहोचायच्या आधीच घरी आजीला जागेचा नकाशा पाठवला होता. आजी निवांत झोपली.

आठ वाजले, नऊ वाजले. कोळशावरची कणसं गार झाली. आबा काही न बोलता बाहेर खुर्चीत बसून राहिले. शेवटी पावणेदहाला लेक बाहेर आली.

"संपलं काम?" आबांनी विचारलं.

"नाही. बंद केलं."

आबांनी गार झालेलं एक कणीस पुन्हा निखाऱ्यांवर ठेवलं.