पाच घरांचे यवतमाळ

इंग्रजीत यवतमाळ लिहायला आठ अक्षरे लागतात. इंग्रजी अमदानीत साहेब सात अक्षरांत भागवत. त्याच अमदानीत, १९०५पर्यंत, जिल्हा वणीच्या नावाने ओळखला जाई आणि ते नाव त्यांनी अवघ्या तीन अक्षरांत बसवले होते. आपल्या जिभेवर आणि कागदावर मात्र यवतमाळ पाचच अक्षरांचे आहे : य, व, त, मा, ळ. शब्दकोड्याची आवड असलेल्या माणसाला पाच अक्षरे दिसली की पाच घरे दिसू लागतात. मलाही तसेच होते.

शब्दकोड्याचा जन्म इंग्रजीतला. लिव्हरपूलहून अमेरिकेत गेलेल्या आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराचे पहिले कोडे छापले. शंभरेक वर्षांनी, २०२१मध्ये, जॉश वॉर्डल यांच्या ‘वर्डल’ने पाच घरे आणि सहा प्रयत्न एवढ्यावर जगाला रोज सकाळी कामाला लावले. हा खेळ मला मनापासून आवडतो. घरे ठरलेली, एखाददुसरे अक्षर हाती आलेले, बाकीचा शब्द मनाच्या तळातून वर यायचा असतो. सोडवणारा मुरलेला असेल तर तो आधी ‘ई’ कुठे बसेल ते पाहतो. त्याला कारण आहे. मोर्सच्या तारायंत्राची लिपी ठरली तेव्हा छापखान्यातल्या खिळ्यांची मोजदाद झाली होती. ‘ई’चे बारा हजार खिळे असतील तिथे ‘झेड’चे दोनशे. म्हणून ‘ई’ला एकच टिंब मिळाले. पण इंग्रजीत कानावर विसंबता येत नाही. पाच घरे, दुसऱ्यात ‘यू’, शेवटी ‘ई’, खूण ‘रांग’. उत्तर ‘क्यू’. उच्चारायला पहिले अक्षर पुरते, लिहायला आणखी चार लागतात. लयीसाठीचा ‘रिदम’ हा शब्द तर सहा अक्षरांचा, आणि त्यात पाच स्वरांपैकी एकही नाही.

मराठी कोड्याचा न्याय वेगळा आहे. इथे काना, मात्रा, वेलांटी यांना स्वतंत्र घर नाही. ‘मा’ हे एक घर, ‘व्हा’ हेही एकच घर. त्यामुळे दारव्हा तीन घरांत मावते आणि पांढरकवड्याला सहा लागतात. शब्द आखूड होतात हे खरे, पण आडवा-उभा मेळ जमवणे फार अवघड होते, कारण ‘म’वर ‘म’ येऊन भागत नाही, ‘मा’वर ‘मा’च यावा लागतो. इंग्रजीत सव्वीस अक्षरांचा मेळ घालायचा. आपल्याकडे प्रत्येक व्यंजनामागे बाराखडी उभी, शिवाय जोडाक्षरे.

एकदा मी यवतमाळच आडवे मांडले आणि उभे शब्द शोधू लागलो. शेवटचा ‘ळ’ सर्वांत हट्टी, कारण त्याने सुरू होणारा शब्द मराठीत मिळत नाही. तो मध्ये किंवा शेवटीच यायचा. आपल्याच जिल्ह्यातले कळंब चालेल असे वाटले, पण त्याच्या ‘ळ’वर अनुस्वार आहे. राळेगावच्या ‘ळ’ला मात्रा आहे. मग पळस आठवला. माघ-फाल्गुनात आपल्या रानांना पेटवून सोडणारा पळस, तीन अक्षरी, मधोमध निखळ ‘ळ’. तो बरोबर बसला. मग बाकीचे मागोमाग आले. ‘य’वर संपणारी गाय. ‘व’पासून खाली उतरणारी वणी. ‘त’वर संपणारे शेत. ‘मा’पासून माती. आणि तळाच्या ओळीत मातीची ‘ती’ आणि पळसाचा ‘स’ शेजारी येऊन ‘तीस’ हा शब्द आपोआप तयार झाला, तो मी शोधलाही नव्हता. गाय, वणी, शेत, माती, पळस. पाच घरांच्या नावाने जिल्ह्याचे इतके काही स्वतःहून पुढे करावे, याचा आनंद मला अजून पुरतो आहे. कागद-पेन्सिल घेऊन बसा, जुळते की नाही ते पाहा.

अक्षरे मोजून शब्द शोधणे आपल्याला कोड्याने शिकवले असेही नाही. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण असतात, आणि ते बोटांवर न मोजता कीर्तनात बसलेल्या म्हाताऱ्या माणसालाही कळते. वणीला १८८० साली जन्मलेले बापूजी अणे १९१८मध्ये यवतमाळातून ‘लोकमत’ साप्ताहिक काढणारे म्हणून आपल्याला ठाऊक आहेत. पण याच माणसाने लोकमान्य टिळकांवर बारा हजारांहून अधिक श्लोकांचे संस्कृत महाकाव्य लिहिले, ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’, आणि त्याला १९७३ साली मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बारा हजार श्लोक म्हणजे किती वेळा नेमक्या अक्षरांचा शब्द शोधला असेल! अनुष्टुभाच्या एका चरणात आठ अक्षरे, नववे आले की चरण बिघडला. राजकारणाच्या धामधुमीत आयुष्य काढलेल्या माणसाने हे काम हाती घेतले आणि तडीला नेले, याबद्दल मला फार आदर वाटतो.

आता एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. वृत्तपत्रातल्या कोड्यात खूण येते, ‘शेताची हद्द, दोन अक्षरी’. अपेक्षित उत्तर ‘बांध’. आमच्याकडच्या कास्तकाराच्या मनात ‘धुरा’ येतो. तोही दोन अक्षरी. तो चूक का ठरावा? शेताला तो वावर म्हणतो, पिकाच्या कापणीला सोंगणी. कापूस वेचून झाल्यावर उभी राहते ती पऱ्हाटी. हे शब्द रोज बोलले जातात, पण कोड्याच्या घरात त्यांना क्वचितच जागा मिळते, आणि शाळकरी मुलाला वाटते की आपल्या आजीचा शब्द उत्तरात चालत नाही. हा समज मुलाच्या मनात खोल जातो आणि पुढे तो शब्द बोलणेच सोडून देतो.

कोडी रचणाऱ्यांनो, पुढच्या आठवड्यात एक आडवी ओळ आमच्या वऱ्हाडी बोलीला द्या. ‘कापूस वेचून झाल्यावर वावरात उरते ती, तीन अक्षरी, शेवटी टी.’ यवतमाळातली कितीतरी घरे ते उत्तर विचार न करता लिहितील, आणि मुंबईतली घरे शेजारी राहणाऱ्या एखाद्या विदर्भातल्या माणसाला विचारतील.