दातांचं ‘नंतर बघू’ नको

आपल्या घरांत गरोदर बाईचं खाणं, झोपणं, चालणं, सगळ्याची चौकशी होते. दातांचं मात्र एकच उत्तर असतं: “बाळंतपण होऊ दे, मग बघू.”

पाचव्या महिन्यात ब्रश करताना मला रोज रक्त दिसायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, “मलाही व्हायचं. बाळ दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं गं, चालायचंच.” त्यांच्या दोन दाढा दोन बाळंतपणांनंतर गेल्या. दाताला हात लावला तर बाळाला काही होईल, ही भीती मलाही होतीच. तरी माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारलं. त्या म्हणाल्या, “आजच दाखवा.”

दंतवैद्यांनी नीट समजावलं. बाळ दातांतून कॅल्शियम घेत नाही; ते आईच्या आहारातून मिळतं, आणि कमी पडलं तर तिच्या हाडांतून. या दिवसांत हार्मोन्स वाढतात, त्यामुळे दातांवरच्या थोड्याशा थरानेही हिरड्या सुजतात, रक्त येतं. दुर्लक्ष झालं तर दाताचा आधारच सैल होऊ शकतो. दात साफ करणं, कीड भरणं, त्यासाठी जागा बधिर करणं, हे सगळं गरोदरपणात करता येतं. चौथा ते सहावा महिना त्याला सर्वांत सोयीचा. पण ठणका किंवा सूज असेल, तर महिना बघत थांबायचं नाही.

माझे दात अर्ध्या तासात साफ झाले. पुढच्या दोनेक आठवड्यांत रक्त थांबलं.

काही साध्या गोष्टी लक्षात ठेवा. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका. पोटातल्या आम्लाने दातांचं कवच तात्पुरतं मऊ झालेलं असतं. कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरा आणि अर्ध्या-पाऊण तासाने ब्रश करा. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा. आपल्या इंदूरात पोहे-जिलेबीला नाही म्हणणं कठीण, पण गोड खाल्लं की चूळ भरायला काय हरकत? दंतवैद्यांना कितवा महिना आहे ते आधी सांगा. मनाने गोळ्या घेऊ नका. टेट्रासायक्लिनसारख्या औषधाने बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात.

आणि घरात कुणाकडे गोड बातमी असेल, तर सोनोग्राफीच्या तारखेबरोबर दंतवैद्यांचीही तारीख घ्या. आईचे दात तिला पुढची चाळीस वर्षं लागणार आहेत.