थंडी किती?

दर रविवारीं सकाळीं आम्हां तिघां भावंडांचें फोनवर बोलणें होतें, आणि हिवाळ्यांत त्याचा आरंभ ठरलेला—थंडी किती? धाकटी बहीण टोरांटोला; तिच्या दारांतला बर्फ उपसल्यावांचून तिला बाहेर पडतां येत नाहीं. दादा नागपुरास, 29 डिसेंबर 2018 रोजीं तेथें पारा 3.5 अंशांवर उतरला होता, हें तो दरवर्षीं ऐकवितो. वांद्रेंकर म्हणून माझी बाजू अर्थातच लंगडी! समुद्र जमिनीइतका लवकर निवत नाहीं, म्हणून किनाऱ्यावरच्या रात्री फारशा गारठत नाहींत. तरीही मी शेजारच्या सांताक्रुझ वेधशाळेंतले 22 जानेवारी 1962 चे 7.4 अंश पुढें करतों, आणि दोघेंही मनमुराद हंसतात.

मागच्या रविवारीं दादा म्हणाला, "यंदा थंडी बेताचीच आहे." पुढें वर्तमानपत्र उघडतों तों नागपूर गारठलेलें! मीं पुन्हां फोन लावला. बरेच आढेवेढे घेतल्यावर तो बोलला. वहिनी पावसाळ्यांत गेल्या. तेव्हांपासून त्याचें पहांटेचें फिरणें सुटलें होतें. चार दिवसांत तर त्यानें उंबरठाही ओलांडला नव्हता. थंडी त्याला कळणार कशी?

इतकीं वर्षें आम्ही अंशांची विचारपूस करीत राहिलों. माणसाची तींतच होते असें समजून चाललों. आतां मी रविवारची वाट पाहत नाहीं. रोज सकाळीं सातला फोन लावतों आणि म्हणतों, "दादा, जरा अंगणांत जाऊन सांग, आज थंडी किती?"