गाडी वळण्यापुरती जागा

आमच्या गावाच्या वेशीबाहेर, रस्ता जेथे संपतो तेथे, मुरूम टाकून सपाट केलेली एक मोकळी जागा आहे. परक्या माणसाला तिच्यात पाहण्यासारखे काही दिसणार नाही. कडेला एक कडुलिंब, त्याखाली दगडी ओटा आणि जमिनीवर चाकांच्या गोल खुणा, एवढेच तिचे वैभव. परंतु सायंकाळी फिरावयास निघालो, की माझे पाय आपोआप त्या जागेकडे वळतात. माझ्या नोकरीच्या साऱ्या वर्षांत मी जे काही शिकलो, त्यातला मोठा धडा मला त्या जागेने शिकविला.

माझे गाव हिंगोली जिल्ह्यात, कयाधू नदीच्या खोऱ्यात आहे. माझ्या लहानपणी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. १ मे १९९९ रोजी तो परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्या काळी गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पुढे शिकायचे, तर रोज दोन कोस चालत जावे लागे. आमची जमीन काळी. पावसाळ्यात वाटेवर इतका चिखल होई, की चपला हातात घेऊन आम्ही अनवाणी चालत असू. तरी चालण्याचे मला कधी दुःख वाटले नाही. वाटेत बोरे मिळत, हरभऱ्याचे डहाळे मिळत, पाढे म्हणता म्हणता वाट सरे. आमच्याच जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे गाव. नामदेव महाराज पायी पार पंजाबातील घुमानपर्यंत गेले, असे परंपरा सांगते. आम्ही कुरकुर केली, की आजोबा हसून म्हणत, "अरे, नामदेवाच्या मुलखातली पोरं तुम्ही! दोन कोसांना भिता होय?"

आजोबांचे म्हणणे मला पटे. पण माझ्या धाकट्या बहिणीला ते कोणी म्हटले नाही. तिचे अक्षर माझ्यापेक्षा सुंदर होते. चौथी पास झाली आणि तिचे दप्तर खुंटीला लागले. आई वडिलांना एवढेच म्हणाली, "पोरीच्या जातीला एवढ्या लांब एकटी कशी धाडू? मधे ओढा आहे, रान आहे." त्या घरात शिक्षणाचा द्वेष कोणालाच नव्हता. वाट लांब होती, एवढाच काय तो अडथळा होता.

गावापासून दूर रेल्वेचा मार्ग होता. पूर्णेहून निघालेली गाडी वसमत, हिंगोली, वाशीम करीत अकोल्याकडे जाई. तिच्या शिट्टीवर आई चूल पेटवी. ती मीटरगेज गाडी होती. म्हणजे तिच्या दोन रुळांत एक मीटरचे अंतर असे. मुंबई-नागपूरकडचे रूळ रुंद, १ मीटर ६७६ मिलिमीटर अंतराचे. म्हणून अकोल्याला उतरून, बोचकी डोक्यावर घेऊन, प्रवाशांना दुसऱ्या गाडीत बसावे लागे. मालाचेही तसेच. एका डब्यातली पोती काढायची आणि दुसऱ्या डब्यात भरायची. त्यात वेळ जाई, मजुरी जाई आणि तो बोजा शेवटी शेतकऱ्याच्याच माथी बसे.

हे रूळ रुंद करा, ही मराठवाड्याची मागणी होती. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे नेते आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनी ती वर्षानुवर्षे लावून धरली. १९७४ साली मराठवाडा विकासाचे आंदोलन झाले, तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. रुंदीकरणाचे नाव मी तेव्हाच प्रथम ऐकले. मनमाडकडून येणारे रूळ १९९० च्या दशकात रुंद झाले. पूर्णा-अकोला मार्गाचा क्रम त्यानंतर लागला आणि २००८ पर्यंत तोही रुंद झाला. चौदा वर्षांच्या मुलाने ऐकलेली मागणी पूर्ण झाली, तेव्हा त्याचे केस पांढरे होऊ लागले होते. मागणाऱ्यांपैकी कितीतरी जण त्या गाडीत कधीच बसले नाहीत. तरीही त्यांनी मागितले. आपल्यासाठी नव्हे, सर्वांसाठी मागितले.

परंतु रेल्वे गावोगाव जात नाही. सेनगावला ती नाही, औंढा नागनाथला नाही. तेथे आधार एस. टी. चा. आमचा मुलूख पूर्वी निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी सरकारी मोटारसेवा सुरू केली. मुंबई राज्याची पहिली एस. टी. पुणे ते अहमदनगर अशी १ जून १९४८ रोजी धावली. पुढे मराठवाडा मराठी राज्यात आला आणि १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ स्थापन झाले. 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे त्याचे ब्रीद. ज्याच्या दारात घोडा नाही, मोटार नाही, त्याच्याही दारापर्यंत गाडी जावी, हा त्याचा अर्थ.

शिकून मी शिक्षक झालो आणि योगायोगाने आमच्याच गावच्या शाळेचा मुख्याध्यापक म्हणून परत आलो. शाळा आता सातवीपर्यंत झाली होती. पण आठवीसाठी दोन कोसांची तीच वाट होती. १९९६ साली सातवीत एक मुलगी पहिली आली. मी तिच्या वडिलांना भेटलो. ते हात जोडून म्हणाले, "गुरुजी, गाडी असती तर धाडली असती हो!" माझ्या आईचेच शब्द मी वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा ऐकत होतो.

गावात एस. टी. यावी म्हणून अर्ज करायचे मी त्याच दिवशी ठरविले. चार ओळी लिहिल्याही. मग परीक्षा आल्या, तपासणी आली, पावसाळा आला, आणि तो अर्ज माझ्या टेबलाच्या खणात तसाच पडून राहिला. दिवाळीनंतर ती मुलगी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली. पुढच्या वर्षी मी तिला पाहिले, तेव्हा तिच्या हातांना कोयत्याचे घट्टे पडले होते. तिने वाकून नमस्कार केला. मला मात्र मान वर करवेना. त्या रात्री मी खणातला कागद बाहेर काढला.

केवळ माझ्या एका सहीने काम होणार नाही, हे आता मला कळत होते. मी सातवीच्या मुलांना वह्या घेऊन घरोघर पाठविले. कोण, कोठे, कशासाठी आणि किती वाजता जातो, हे त्यांनी विचारून लिहिले. शाळेला जाऊ इच्छिणाऱ्या मुली, दवाखान्यात जाणारे म्हातारे, आठवड्याच्या बाजाराला भाजीची पाटी नेणाऱ्या बाया, कचेरीत खेटे घालणारे शेतकरी, सारे त्या पानांवर आले. आपल्या गावाला इतक्या ठिकाणी जायचे असते, हे गावालाही तेव्हाच समजले. ग्रामसभेत ठराव झाला. ठराव आणि मुलांच्या वह्या घेऊन आम्ही आगारात गेलो.

काही दिवसांनी तेथील एक अधिकारी पाहणीला आले. त्यांनी रस्ता पाहिला, ओढ्यावरची फरशी पाहिली आणि विचारले, "सारे ठीक आहे, पण गाडी वळवायची कोठे?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. गावाच्या गल्ल्या बैलगाडीपुरत्या. वेशीबाहेर दोन्ही बाजूंना शेते. सभा भरली, कोणी बोलेना. शेतकऱ्याला जमीन देणे म्हणजे काळजाचा तुकडा तोडून देणे. शेवटी मागे बसलेली एक वृद्ध बाई उठली. वेशीलगत तिचे जेमतेम दोन एकर रान होते. ती म्हणाली, "कोपरा घ्या माझा. चार पायल्या ज्वारी कमी होईल. पोरी तरी शिकतील."

मग गाव थांबले नाही. मुरूम आला, टोपली-फावडी आली. दोन रविवार लहानथोर सारे राबले. १९९८ च्या जूनमध्ये, शाळा उघडल्या त्याच आठवड्यात, लाल गाडी धूळ उडवीत आली आणि त्या कोपऱ्यात डौलाने वळली. कोणी नारळ फोडला. मुलींना शाळेसाठी एस. टी. चा मोफत पास मिळत असे. तो पास हातात धरून त्या एकेक करीत चढल्या. त्यांत त्या पहिल्या आलेल्या मुलीची धाकटी बहीण होती. ती स्वतः चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन लिंबाखाली उभी होती. वाहकाने घंटी वाजविली, गाडी निघाली. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "गुरुजी, धाकटी जाते आता."

तिच्या स्वरात राग नव्हता. आनंदच होता. परंतु माझ्या खणात पडून राहिलेल्या कागदाची किंमत मला त्या दिवशी कळली.

मुलांनो, आज घरोघर मोटारसायकली आल्या आहेत. पण एका एस. टी. त चाळीसहून अधिक माणसे बसतात; तीच माणसे वेगवेगळ्या वाहनांवर निघाली, तर रस्ता पुरत नाही आणि पायी चालणाऱ्याला कडेलाही जागा उरत नाही. शहरांत आणखी एक गोष्ट दिसते. गरिबाला परवडणारे घर गावाबाहेर मिळते आणि त्याचे काम गावात असते. घरभाड्यात वाचलेला पैसा मग गाडीभाड्यात जातो. म्हणून घर, शाळा, बाजार आणि दवाखाना यांच्यामधली वाट कशी आहे, हे पाहिल्यावाचून गाव चांगले की वाईट, हे ठरवू नये. जेथे लहान मूल निर्भयपणे चालत शाळेत जाते आणि म्हातारे माणूस कोणाची मनधरणी न करता दवाखान्यात पोहोचते, ते गाव चांगले. असे गाव आपोआप होत नाही. त्यासाठी कोणाला तरी वही घेऊन मोजावे लागते, सर्वांनी मिळून मागावे लागते आणि वेळ आली, तर आपल्या रानाचा कोपराही द्यावा लागतो.

कोपरा देणारी ती बाई आता नाही. गाडी मात्र अजून येते. २०२३ च्या मार्चपासून एस. टी. त स्त्रियांना अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून माझी बहीण वरचेवर माहेरी येते. मी तिला आणायला त्या ओट्यावर जाऊन बसतो. ती उतरते, पिशवी खाली ठेवते, आणि गाडी वळून समोर आली, की काचेवरच्या पाटीवरील गावाची नावे मोठ्याने वाचते. एकेक अक्षर, सावकाश, चौथीच्या वर्गात वाचीत असे तशी.