मीरास

इमला घेताना आम्ही दरवर्षी एक शब्द हमखास घालतो: मीरास. तो 'से'ने लिहायचा. निम्मी मुले 'सीन' लिहितात, दोन-चार बहाद्दर 'स्वाद'. त्यांचा दोष नाही, उर्दूत तिन्हींचा उच्चार एकच. अरबांच्या तोंडी मात्र 'से' वेगळा. जिभेचे टोक दातांत धरून, 'थ'च्या जवळपास जाणारा.

पुण्यात इंजिनिअरिंग करणारा आमचा भाचा ईदला घरी आला, तेव्हा हा 'से' कामी आला. कानांत बोंडे खुपसून मान हलवत बसला होता. "काय ऐकतोयस रे?" विचारले तर म्हणाला, "मामू, माय-रॅथ. मेटल बँड आहे. माझा क्रोध!" आम्ही मोबाईलवरची रोमन अक्षरे वाचली आणि हसू आवरेना. म्हटले, "बेटा, कसला क्रोध? बँड कुठला?" "ट्युनिसियाचा." "मग हा मिराथ. म्हणजे आपली मीरास!"

अर्थ सांगितल्याची शिक्षा म्हणून ऐकणे आले. त्याने लावला तो त्यांचा दुसरा अल्बम, 'डेझर्ट कॉल', 2010 सालचा. आम्ही मनातल्या मनात तर्जुमा केला, सहरा की पुकार.

हा संगीतप्रकार आमच्या कानांना झेपणारा नव्हे, हे आधीच कबूल करतो. दोन्ही पायांनी वाजवायचा ड्रम घोडदौडीसारखा चालू, वर गिटारचा गदारोळ, त्याच्यावर कीबोर्डचे मजले आणि सगळ्यात वर उंच पट्टीतला गळा. भाचा म्हणाला, हे पॉवर. आणि मात्रा मोजत बसावे तर मध्येच एखादी हातातून सटकते, ते प्रोग्रेसिव्ह. पहिले गाणे 'फॉरेव्हर अँड अ डे' संपेपर्यंत आम्ही केवळ मामाचे कर्तव्य बजावत होतो.

तिसऱ्या, अल्बमच्याच नावाच्या गाण्यापर्यंत कान जरा रुळले आणि गायकाच्या गळ्यावर ठरले. झाहेर झोरगाती त्याचे नाव. शब्द इंग्रजी, पण ओळीच्या शेवटी आवाज सरळ उतरत नाही, वळसे घेत उतरतो. आमच्या बाजूला कव्वाल तान टाकून सम गाठतात, त्याची आठवण व्हावी असा. अरबी संगीतात हिजाझ नावाचा मकाम आहे. त्याचे सुरुवातीचे चार सूर आणि आपल्या भैरवातले सा, कोमल रे, ग, म जवळपास तेच. गिटारवर पडदे ठोकून बसवलेले असतात, अरबी गाण्यातले पडद्यांमधले अर्धेमुर्धे सूर तिच्यात गावत नाहीत. ते गळ्यालाच काढावे लागतात.

भाच्याकडून मग सगळी कुंडली काढली. 2001 मध्ये मालेक बेन आर्बिया या तेरा वर्षांच्या पोराने बँड सुरू केला. तेरा! आमच्या आठवीतली पोरे. तेव्हा नावही वेगळे होते, एक्सटाझी. अमेरिकेतल्या सिंफनी एक्स या बँडची गाणी ही पोरे जशीच्या तशी वाजवायची. पुढे मिराथ हे नाव घेतले, आणि 2007 मध्ये पहिला अल्बम 'होप' आला. निर्माता फ्रेंच, अदाजिओ बँडचा कीबोर्डवादक केव्हिन कोडफेर. गायला होता त्यांचाच कीबोर्डवादक, इलियास बुशूशा. आम्ही तोही ऐकला. सफाईदार आहे, पण अमेरिकन गुरुजींचा कित्ता लांबूनही ओळखू येतो. आमच्या बी.एड.च्या पाठटाचणांसारखा, सीनियरच्या वहीतून उतरवलेला. दुसऱ्या अल्बमला झाहेर आला आणि कित्ता सुटला. अजून पूर्ण नाही, मध्येमध्ये जुने वळण दिसतेच. पण घरचा सूर आता पुढच्या खोलीत येऊन बसला आहे.

आम्हांला राहून राहून त्या नावाचे वाटत राहिले. मराठीत मिरास म्हणजे पिढीजात हक्काची जमीन. मिरासदार म्हणजे मानाचा माणूस. द. मा. मिरासदारांनी तर महाराष्ट्राला पोट धरून हसवले. तोच शब्द पंजाबात गेला आणि पिढ्यानपिढ्या गाणाऱ्या, यजमानांच्या वंशावळी तोंडपाठ ठेवणाऱ्या माणसांना चिकटला: मीरासी. जमीन वारशाने आली तो मिरासदार, सूर वारशाने आले तो मीरासी, आणि हा दुसरा शब्द आमच्याकडे शिवी म्हणून वापरायचा.

शिवी आम्ही स्वतः खाल्ली आहे. पाचवीत असताना उरुसातून बेंजो आणला होता, टाइपरायटरसारखी बटणे असतात तो, बुलबुलतरंग. दोन दिवसांत एका नातेची चाल बसवली. तिसऱ्या दिवशी अब्बा म्हणाले, "मीरासी बनना है क्या?" आवाज चढवला नव्हता. आम्हीच उठून बेंजो माळ्यावर ठेवला. पुढे शिक्षक झालो, अब्बा खूश झाले. तक्रार नाही. पण शाळेच्या स्नेहसंमेलनात तराना बसवायची वेळ आली की आम्ही आजही ते काम दुसऱ्या सरांकडे ढकलतो.

भाच्याने आता फोनचा आवाज मोठा केला होता. आतून अब्बांची हाक आली, "कौन गा रहा है?"

"ट्युनिसिया का है, नाना."

थोडा वेळ काहीच नाही. मग, "ढोलवाले को बोलो जरा आहिस्ता. गला अच्छा है उसका."

भाच्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही माळ्याकडे पाहत होतो. तो बेंजो बहुधा उंदरांनी केव्हाच संपवला असेल. शिडी शेजाऱ्यांकडे होती. भाचा उठला आणि आणायला गेला.