कुंपणाच्या अलीकडे

नॉरफकमधली ती धावपट्टी म्हणजे शुगर बीटच्या दोन शेतांमधला गवताचा पट्टा. लांबी ६०० मीटर, टोकाला काटेरी झुडपांचं दाट कुंपण. मार्चचा पाऊस पहाटेच थांबलेला. चार आसनी सेसना १७२, टाक्या काठोकाठ, आत आम्ही तिघं. चालवणारा माझा इंग्रज मित्र मुरलेला. शेजारी मी, परवाना नवाकोरा.

मऊ जमिनीची रीत त्याने चोख पाळली. फ्लॅप १० अंश, नाकाचं चाक लवकर सुटावं म्हणून कंट्रोल व्हील पोटाशी ओढलेलं. तरी उडणारा चिखल पंखांखाली ताशासारखा तडतडत होता आणि वेगाचा काटा ४० नॉटपाशी रेंगाळत होता. तेवढ्यात विमान उचललं गेलं. मला हायसं वाटलं.

फसगत इथेच होते. जमिनीच्या अगदी जवळ, पंखांच्या पूर्ण लांबीपेक्षा (इथे ११ मीटर) कमी उंचीवर, हवेचा अडसर घटतो. विमान पुरेशा वेगाआधीच तरंगतं, पण वर चढायची ताकद अजून आलेली नसते. अशा वेळी नाक खाली ठेवून, गवतालगत राहून, वेग घ्यायचा असतो. कुंपण अंगावर येत असताना हात मात्र उलटंच करतो. मित्राने नाक उचललं, स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल सुटत असल्याचा, भोंगा केकाटला, डावा पंख कलला आणि आम्ही थेट झुडपांत. प्रोपेलर वाकला, नाकाचं चाक मोडलं. आमचं सीटबेल्टच्या वळांवर निभावलं.

संध्याकाळी आकडेमोड झाली. विमानाच्या पुस्तिकेत, पक्क्या पट्टीवर, पूर्ण वजनासह ५० फूट उंची गाठायला सुमारे ५०० मीटर. ब्रिटिश नागरी विमानवाहतूक प्राधिकरण ओल्या गवतासाठी १.३ने आणि मऊ जमिनीसाठी किमान १.२५ने गुणायला सांगतं. झाले ८१२. त्यावर सुरक्षिततेचे १.३३ धरले तर १०८०! हे आधी का नाही केलं? ऑगस्टमध्ये इथूनच तर अलगद निघालो होतो, म्हणून.

आता पट्टीच्या मध्यावर पांढरी फळी ठोकली आहे. तिथवर उड्डाणवेगाच्या ७० टक्के, म्हणजे ४० नॉट, आले नाहीत तर थ्रॉटल बंद, चर्चा नाही. पुढच्या ओल्या दिवशी फळीपाशी ३५च भरले. विमान थांबलं, मित्राने मला खाली उतरवलं आणि वजन घटवून पुन्हा हिशेब मांडला. मी ट्रेनने गेलो.